बावन्न किलो

"अबे, पुन्हा तेच," ऋषी काट्यावर वाकून म्हणाला. "डावं मागचं चाक जास्त दाखवून राहिलं."

पियूषने पाना खाली ठेवला. कॉन्टेसा चार काट्यांवर उभी होती, एकेका चाकाखाली एकेक. कळमन्याच्या बाजारात पोती तोलायचे हे काटे त्याने वडिलांच्या शेजारच्या अडत्यांकडून मागून आणले होते. बाजाराला सुट्टी असल्यामुळे वडिलांच्या गोदामात या दोन मित्रांशिवाय कोणी नव्हतं. वडिलांची ही जुनी गाडी त्याने दोन वर्षं खपून नव्याने उभी केली होती. जपानी इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, ताठ स्प्रिंगा. उद्या शहराबाहेरच्या एका खासगी धावपट्टीवर जुन्या गाड्यांची शर्यत होती. त्याआधी चारही चाकांवरचं वजन जुळवणं भाग होतं. ते जुळलं नाही, तर वेगात ब्रेक दाबताच गाडी गर्रकन फिरली असती.

आधी त्याने काट्यावर संशय घेतला. डावा काटा उजवीकडे, उजवा डावीकडे करून पाहिला. मग पाण्याची नळी लावून फरशीची पातळी तपासली. डिकी रिकामी केली, टाकी रिकामी केली. गाडीत जे जे होतं त्याच्या वजनाची बेरीज त्याच्यापाशी होती. काटे त्याहून बावन्न किलो जास्त दाखवत होते. चार चाकांच्या आकड्यांवरून जास्तीचं वजन कुठे आहे हे काढता येतं. त्याने मोबाइलवर हिशेब केला. उत्तर मागच्या सीटवर आलं, डाव्या कोपऱ्यात, दाराला अगदी लागून.

तिथे काहीच नव्हतं.

"सवारी बसली आहे बे तुझ्या गाडीत," ऋषी म्हणाला. "भाडं घेऊन घे."

पियूषने आत वाकून सीटवरून हात फिरवला. गादी त्या कोपऱ्यात जराशी दबलेली होती. जुन्या गाद्या दबतातच. त्याने पाना घेतला आणि सीटचा पहिला बोल्ट सैल केला.

"ते काहून खोलून राहिला गा?"

दारात वामनराव उभे होते, हातात पोरांसाठी आणलेला डबा. इंजिन उतरवलं तेव्हा पियूषचे वडील चकार शब्द बोलले नव्हते. मागच्या सीटला हात लावू नको, एवढंच त्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं. पियूषला तो म्हातारपणीचा हट्ट वाटला होता.

"मागं बावन्न किलो जास्त भरून राहिले, बाबा. कुठून येऊन राहिले, समजत नाही."

वामनराव काट्याजवळ आले. त्यांनी आकडा पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तू गाडी खोलली त्याच्या आधीच्या दिवाळीले पन्नास होते," ते म्हणाले. "पोरगी वाढून राहिली."

"कोण पोरगी?"

"आपली रितू."

रितिका पियूषची धाकटी बहीण. सावनेरला आजोळी तापाने फणफणली, तेव्हा वामनराव तिला याच गाडीत घालून नागपूरला निघाले होते. तिने वाटेतच, मागच्या सीटवर जीव सोडला. वय वर्षं सहा. घरात तिचं नाव कोणी काढत नसे.

"दर दिवाळीले मी गाडी धर्मकाट्यावर नेत होतो," वामनराव तुरीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होते. "ती गेली त्या साली रिकामी गाडी वीस किलो जास्त भरली. मले वाटलं, काटा बिघडला. मंग पंचवीस झाले. मंग तीस. तवा समजलं."

ऋषी गाडीपासून दूर सरला. ट्रक तोलणाऱ्या काट्यात पाच-दहा किलोची चूक राहतेच, असं पियूषच्या तोंडावर आलं होतं. पण त्याच्या हातातल्या मोबाइलवर ती जागा अजून तशीच दिसत होती. दाराला टेकून, खिडकीशी.

"बाबा," तो हळू आवाजात म्हणाला, "वजन असं एका अंगाले राहिलं, तर उद्या ब्रेक मारल्याबरोबर गाडी उलटीन. आत मी राहीन."

"मंग जाऊ नको."

"दोन वर्षं झाले मी हेच करून राहिलो. सीट काढतो, नाहीतर अशीच नेतो."

वामनरावांनी डबा खाली ठेवला. मग त्यांनी मागचं डावं दार उघडलं आणि रिकाम्या सीटकडे तोंड करून, जेवायला हाक मारावी इतक्या सहज म्हणाले,

"रितू, लहान लेकरू म्हणून तुले मागं बसवत होतो. आता तू मोठी झाली वं. समोर ये. भाऊ तिकडून बसते, तू इकडून बस. गाडी सरळ राहीन."

कोणी हललं नाही. मग डाव्या मागच्या काट्यावरचा आकडा उतरू लागला.

"समोरचा चढून राहिला," ऋषी घशातल्या घशात म्हणाला. "डावा."

वामनरावांनी उपरण्याने डोळे टिपले. पियूषच्या मनात आपसूक हिशेब मांडला गेला. उजवीकडे तो, शेजारी डावीकडे ती. वजन जुळत होतं. गाडी फिरणार नव्हती.

पण आकडा तिथे थांबला नाही. समोरचा डावा काटा पुन्हा उतरला आणि उजवा चढू लागला. उद्या पियूष ज्या सीटवर बसणार होता, त्या स्टिअरिंगमागच्या सीटवर बावन्न किलो येऊन स्थिर झाले.