लाइट ड्युटी

सुपरवायझरने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि घडी करून खिशात टाकली.

"लाइट ड्युटी, दोन महिने. बरं. मग बाई, मशीनमधून चाळीसऐवजी तीसच चादरी काढा. झाली की नाही लाइट?"

हॉस्पिटलच्या त्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसून उपसूनच तिची कंबर गेली होती. तीन आठवडे अंथरुणाला खिळून आज कुठे ती कामावर आली होती.

आणि 'लाइट ड्युटी' या दोन शब्दांचे अर्थ तरी किती निघावेत! डॉक्टर म्हणाले होते, ओझं उचलायचं नाही, बसून काम करायचं. सासूबाईंनी ऐकलं आणि खूश झाल्या: "म्हणजे दमून येणार नाहीस. मग घरची भांडी तूच घास." इस्त्रीवाल्या मावशी तर सकाळीच कानाशी लागल्या होत्या: "अगं, ती घरी बसवायची पहिली पायरी. गप उचल." ज्याच्या त्याच्या सोयीचा अर्थ. एकाच्याही सोयीत तिची कंबर बसत नव्हती.

भीती वाटत होती, नाही असं नाही. नोकरी गेली तर घर कसं चालणार, हा घोर होताच. पण कंबर पुरती गेली तर ती स्वतः कशी चालणार?

"साहेब," ती म्हणाली, "एक चादर तुम्ही काढून दाखवा. मग मी तीसच काय, पन्नास काढते."

सगळ्या बायका बघत होत्या. साहेबाने हसत बाह्या सरसावल्या, मशीनमध्ये हात घातला आणि एक चादर ओढली. ओल्या चादरी एकेक कधी येतात? पीळ पडलेल्या चार एकदम त्याच्या अंगावर आल्या. कशाबशा त्याने त्या शेजारच्या ढकलगाडीत टाकल्या. शर्ट चिंब झाला आणि हात आपसूक कमरेवर गेला.

हसलं कुणीच नाही. तिने स्टूल ओढलं आणि घड्यांच्या टेबलाशी बसली.

"चार झाल्या. उरलेल्या सव्वीस कोण काढणार, ते तुम्ही ठरवा. मी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालते."

"मी वर कळवलं ना, तर उद्या तुम्हाला गेटच्या आत घेणार नाहीत."

तिने पहिला अभ्रा झटकला, कडेला कड जुळवली.

"मग गेटवर बसेन," ती म्हणाली. "डॉक्टरांनी बसायलाच सांगितलंय."