एकशे वीस फडकी

पहिलं गिऱ्हाईक दहाला येणार होतं आणि पावणेदहा वाजले तरी फडक्यांचं गाठोडं सापडत नव्हतं.

"घरी कॉटखाली नीट पाहिलंत ना?" सुनेनं तिसऱ्यांदा विचारलं.

"कॉटखाली, कपाटावर, गॅलरीत. कुठ्ठं नाही," सासूबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "यांनी सकाळी काहीतरी काखोटीला मारून नेलं खरं."

सून मटकन स्टुलावर बसली. एकशे वीस मऊसूत फडकी, गाड्यांसाठी खास मागवलेली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात कंपनीचं एक कडक लेबल शिवलेलं. ते तसंच ठेवून गाडी पुसली, की रंगावर ओरखडे उठलेच म्हणून समजा. दहा फडक्यांची लेबलं कात्रीनं कापून ती फडकी तिनं इथं दुकानात आणून ठेवली होती. बाकीची आज सकाळी उरकायची होती.

आणि ती सासऱ्यांनी नेली होती. याच जागेत त्यांनी तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. हात थरथरायला लागले तेव्हा मशिनं विकून टाकली. सुनेनं गाड्या चकचकीत करून द्यायचं दुकान काढायला जागा मागितली, तेव्हा एवढंच म्हणाले, "माझ्या जागेत गाड्या पुसणार?" दुसऱ्या दिवशी किल्ली टेबलावर ठेवली आणि त्यानंतर इकडे फिरकलेसुद्धा नाहीत. रोज जेवताना ती सासूबाईंना कामाचं सांगायची. काळा रंग किती नाजूक असतो, गाडीजवळ जाण्याआधी घड्याळ, अंगठी, पट्टा सगळं कसं उतरवायचं. सासरे टीव्हीचा आवाज वाढवायचे.

"रागाच्या भरात फेकून तर दिली नसतील?" ती म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं.

"चाळीस वर्षं संसार केला मी. पण हा माणूस मनातलं बोलेल तर शपथ," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात शटरसमोर काळी कुळकुळीत गाडी येऊन थांबली. दातांच्या डॉक्टरीणबाई दहा मिनिटं आधीच हजर. गाडी आत घेतली, वरचे पांढरे दिवे लागले आणि बॉनेटवर बारीक रेघांचं जाळं दिसायला लागलं.

"मागच्या ठिकाणी नुसती पुसली हो त्यांनी," त्या म्हणाल्या. "आणि ही दशा. आता मी आधी सगळं बघते, मग किल्ली देते."

आणि खरंच त्यांनी दुकान दाढ तपासावी तसं तपासलं. दिवे, बादल्या, पॉलिशच्या बाटल्या. शेवटी टेबलावरच्या दहा फडक्यांतलं एक उचललं आणि कोपरा चिमटीत धरला.

"हे टोचतंय."

लेबल कापलं गेलं होतं, पण शिलाईत अडकलेला त्याचा तुकडा ताठ उभा होता.

"यानंच पुसणार?"

सुनेनं तो कोपरा स्वतः चाचपून पाहिला. थाप मारून वेळ निभावता आली असती.

"नाही," ती म्हणाली. "यानं तुमच्या गाडीचं आणखी वाटोळं होईल. चांगली फडकी आत्ता हाताशी नाहीत. पुन्हा कधी याल का?"

डॉक्टरीणबाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली. पहिलं गिऱ्हाईक निघालं होतं.

"थांबा जरा."

सासरे दारात उभे होते. काखेत गाठोडं. ते आत आले, टेबलापाशी गेले आणि गाठोडं सोडलं.

"कात्रीचं काम नाही हे," ते म्हणाले. "उसवायला लागतं. एकेक टाका."

सुनेनं वरचं फडकं उचललं. कोपरा साफ. दुसरं. तिसरं. कुठं धागा नाही, तुकडा नाही, लेबल होतं याची खूणसुद्धा नाही. एकशे दहा फडकी. तिनं सासऱ्यांच्या हातांकडे पाहिलं. ते नेहमीसारखेच थरथरत होते आणि दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

"हे कधी केलंत?"

"तू दुपारची इथं दिवे बसवत होतीस तेव्हा. शेवटची वीस राहिली होती, ती आत्ता बागेत बसून केली. घरात उजेड कुठाय?"

डॉक्टरीणबाईंनी एक फडकं घेतलं, चारही कोपरे चिमटीतून काढले, मग ते गालावरून फिरवून पाहिलं. पर्समधून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

सुनेला भडभडून आलं. या माणसाबद्दल घटकाभरापूर्वी आपण काय बोललो ते आठवून ती शरमली. तिनं एक फडकं नीट घडी करून त्यांच्यापुढे धरलं.

"बाबा, पहिला हात तुम्ही फिरवा."

सासऱ्यांनी गाडीकडे पाहिलं. फडकं घेतलं नाही. आधी घड्याळ काढून स्टुलावर ठेवलं. अंगठी सांध्यावर अडली, तेव्हा बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ती काढली. मग पट्ट्याला हात घातला.

"अहो, हे काय!" सासूबाई दबक्या आवाजात ओरडल्या. पट्टा निघाला तशी पँट घसरायला लागली. "जन्मभर लोकांच्या कमरा मोजल्यात, आणि स्वतःच्या पँटची ही तऱ्हा!"

सासऱ्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. पट्टा गुंडाळून घड्याळाशेजारी ठेवला. डाव्या हातानं पँट कमरेशी घट्ट धरली, उजव्या हातात फडकं घेतलं आणि बॉनेटपासून हातभर अंतरावर येऊन थांबले.

"सूनबाई," त्यांनी विचारलं, "आता येऊ का जवळ?"