दाराला पटलेला चेहरा

लकव्याने तोंड वाकडं झाल्यापासून हेमांगीला तिच्याच घराचं दार ओळखेना. "अनोळखी व्यक्ती," म्हणून नवरा सोबत असला तरी बंदच राहायचं. नव्या चेहऱ्याच्या नोंदणीला आठ महिन्यांची रांग होती. तोवर ती नणंदेकडे.

शेवटी तिच्या मूर्तिकार नवऱ्याने, दिगंबरने, भोकं पाडलेल्या खोक्याला व्हॅक्यूम क्लीनर जोडला. खोक्यावर प्लास्टरचा एक जुना मुखवटा ठेवला, त्यावर ओव्हनमध्ये मऊ केलेलं प्लास्टिक पसरलं. क्लीनरने हवा ओढताच प्लास्टिक नाकाडोळ्यांवर घट्ट बसलं.

हेमांगीने तो चेहरा चढवला.

"या, हेमांगीताई," दार उघडलं.

"अहो, माझा मुखवटा कधी केलात?"

"तुझा नाही, गौरीचा. तीस वर्षं हाच चेहरा विकतोय."

हेमांगी उंबऱ्यातच थांबली. "गावभर माझी पूजा, आणि माझ्याच घरी मज्जाव! जा, हळदकुंकू आणा. तशी मी आत यायची नाही."