मुनियांचा घास

"पोपट घ्या मालक. काय बी खातो, काय बी पचवतो, वर बोलतो," पाखरंवाला म्हणाला.

"मग तो नको," हैबतराव म्हणाले. "नाजूक काय आसंल ते दाव."

पौडच्या बाजारात सासऱ्याच्या मागं पाटी घेऊन उभी असलेली रंभा बघतच राहिली. ह्या माणसानं उभ्या जन्मात बैलाशिवाय कुठल्या मुक्या जिवाला हात लावला नव्हता, आणि आज पिंजऱ्यांपुढं उकिडवा बसला होता!

पाखरंवाल्यानं लाल मुनियांचा पिंजरा पुढं ओढला. चिमणीहून बारीक पाखरं. नर लालभडक, अंगावर पांढरे ठिपके, मादी मातकट.

"पिसं फुगवून बसलेलं घेऊ नका, ते आजारी आसतं. डोळा लख्ख बघा. जोडीच न्या, एकटं झुरतं. राळा घाला, शिजला भात घाला. पण थंडी सोसत न्हाई ह्यास्नी. रातचं पिंजऱ्यावर फडकं टाकायचंच."

"आन खाण्यात काय वाईटवंगाळ आलं तर?"

"घटकाभरात मान टाकत्याल, मालक. लई जपाया लागतं."

"हीच दे," हैबतराव म्हणाले. आणि एकेक पाखरू न्याहाळून त्यांनी ठणठणीत जोडी निवडली.

रंभाचा ऊर भरून आला. तिची सासू, गोजराबाई, जेवायच्या आधी अंगणात चिमण्यांना घास टाकायची. त्याशिवाय ताटाला हात लावायची नाही. म्हाताऱ्याला तिचीच आठवण झाली असणार, दुसरं काय?

गोजराबाईला जाऊन वर्ष झालं होतं. मागल्या श्रावणात रंभानं बांधावरची अळंबी खुडून आणली आणि कालवण केलं. हैबतरावांचा त्या दिवशी उपास, म्हणून दोघी सासवासुनाच जेवल्या. रात्री सासूला उलट्या सुरू झाल्या आणि उजाडायच्या आत बाई गेली. रंभाला काहीच झालं नाही, आणि गावाला नेमकं तेच खटकलं. तोंडावर कुणी बोललं नाही. ती पाणवठ्यावर आली की बायकांचं बोलणं थांबायचं, एवढंच. नवरा जयसिंग खडकीला नोकरीला. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाला ती काय सांगणार?

त्या दिवसापासून हैबतरावांनी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. सोप्यात तीन दगड मांडून स्वतःच भाकरी थापायचे, करपवायचे आणि गिळायचे. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं रंभाला वाटायचं. तिला दुसरं काही नको होतं. सासऱ्यानं आपल्या हातचा एक घास खावा, बस्स.

एस.टी.तून पिंजरा मांडीवर सांभाळत ते घरी आले. तो सोप्यात टांगता टांगता हैबतराव म्हणाले, "सूनबाई, आजपासनं माझंबी तूच शिजव."

रंभा चुलीपाशी गेली आणि पदरात तोंड घालून हमसाहमशी रडली.

तिनं आंबेमोहराचा भात आणि आमटी वाढली. हैबतराव ताट घेऊन उठले, चार शितं आमटीत बुडवून पिंजऱ्यात टाकली. पाखरांनी ती टिपली. मग गुडघ्यांवर हात ठेवून ते पाखरांकडं बघत बसले. भात पार निवला, तेव्हा कुठं त्यांनी पहिला घास घेतला.

"मामंजी, आमटी तिखट हाय. पाखरांना बाधंल," रंभा हळूच म्हणाली.

"जे मला, ते त्यास्नी."

हा नेमच पडला. सासूबाईंचं स्मरण चाललंय म्हणून रंभाही त्या वेळात आवाज करायची नाही. पाखरांसाठी तिनं हात आखडून तिखट घालायला सुरुवात केली. पिंजरा पुसायची, पाणी बदलायची, सांज झाली की सासूच्या जुन्या लुगड्याचं फडकं त्यावर टाकायची. "तुमच्यापायी मला घर मिळालं गं बायांनो," असं त्यांच्याशी बोलायची. अंगावर मूठभर मांस चढलं तिच्या.

पौषात नराचा लाल रंग उतरायला लागला. रंभा घाबरून गेली.

"रंगाचं काय घिऊन बसलीस?" हैबतराव म्हणाले. "खातोय न्हवं?"

त्याच आठवड्यात शेजारणीनं धरणातली मरळ दिली. रंभानं मन लावून कालवण केलं. दिवेलागणीच्या आधी हैबतरावांनी पाखरांना शितं घातली, थांबले, मग जेवले. आणि ताट चाटूनपुसून म्हणाले, "ब्येस झालंय कालवण. वाढ आजून."

दीड वर्षातला पहिला चांगला शब्द! रंभाचे पाय जमिनीवर ठरेनात. भांडी घासताना ती गुणगुणत होती, अंथरूण घालतानाही.

सकाळी धरणावरून बोचरा वारा येत होता. फडकं रात्रभर खुंटीवरच राहिलं होतं. मादी पिंजऱ्याच्या तळाशी कडक होऊन पडली होती, नर कोपऱ्यात पिसं फुगवून बसला होता. रंभानं पिंजऱ्याचं दार उघडलं. एवढी माया लावली म्हाताऱ्यानं ह्यांना! आता कुठल्या तोंडानं सांगू?

मेलेलं पाखरू ओंजळीत घेऊन ती अंगणात आली. हैबतराव चूळ भरत होते.

"मामंजी, मादी गेली वो," तिला हुंदका आवरेना. "माझीच चूक झाली. काल सांजच्याला मी..."

हैबतरावांनी पाखराकडं बघितलंच नाही. तिच्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हातातला तांब्या तिथंच टाकून ते परसात धावले, आणि घशात दोन बोटं घालून ओकायला लागले.