एखादी तुटलेली तार

"तार तुटेलच व्हई, पुना भाऊ. नेम्मन देखा," असं नीट बघायला बजावून झुलाल आबा खळ्यातल्या बाजेवर बसले.

पुनाने जीपचं बोनेट उचललं. आत धूळ आणि कपाशीच्या काड्या. मगन गेल्यापासून या गाडीला कोणी हात लावला नव्हता.

पुना पारोळ्याच्या स्टँडमागचा गाड्यांचा वायरमन. दिवाळीआधी या जीपची सगळी वायरिंग त्यानेच नवी टाकली होती. आणि हिनेच ऐन वेळी दगा दिला. आबांच्या एकुलत्या एक मगनला देवपूरच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू व्हायचं होतं. सकाळी सेल्फ मारून मारून तो थकला, शेवटी मित्राची मोटारसायकल घेऊन निघाला आणि हायवेवर ट्रकखाली गेला.

पुनाच्या वायरिंगने पोरगा खाल्ला, असं लोक बोलू लागले. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? गिऱ्हाइकं कमी झाली त्याचं पुनाला एवढं काही नव्हतं. पण मगन दुकानात यायचा, स्टुलावर बसून चहा प्यायचा, "काका, इतल्या तारा ध्यानात कशा ऱ्हातीस?" म्हणून हसायचा. ते आठवलं की तो पुढ्यातलं ताट सारून उठायचा.

त्यामुळे आबांचा निरोप आला तेव्हा त्याला बरंच वाटलं. एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. चूक आपली निघाली तर आबांच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि पुन्हा कधी पक्कड हातात धरायची नाही, असं ठरवूनच तो आला होता.

त्याने सोबत आणलेली बॅटरी जोडली. हॉर्न वाजला, दिवे लागले. सेल्फ मारल्यावर इंजिन घरघर फिरलं, पण पेट घेईना. प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली, तर ठिणगी नाही. मग त्याने टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, होल्डरमधला एक बल्ब आणि दोन तारा. तो प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला लावला. बल्ब लागला नाही.

"कॉइलले करंट नही येस."

आबा बाजेवरून उठले. "म्हंजे तार तुटनी?"

"तुटनी व्हई, नही ते उंदीरनी खादी व्हई."

"उंदीर!" आबांचा आवाज एकदम चढला. "उंदीर ते बठ्ठा खळामा शेतस, भाऊ."

म्हातारा आपल्याला पळवाट देतोय, असं पुनाला वाटलं. उंदरावर ढकल आणि मोकळा हो, म्हणतोय. त्याचे डोळे भरून आले. पण उंदराला खाता येईल अशी तार उघडी ठेवणारा वायरमन काय धुतल्या तांदळासारखा? त्याने नाक पुसलं आणि कामाला लागला.

मगनची आई, वच्छलाबाई, चहा घेऊन आल्या. गाडीकडे न बघता त्यांनी कप बोनेटच्या कडेला ठेवला.

"आमुश्या व्हती त्या रोज," आबांकडे हात करून त्या म्हणाल्या. "ह्या त्याले कितला इनवेत, एक रोज थांबी जाय म्हणेत. पन नोकरीना पहिला रोज, तो काय थांबस! आखिर गाडीबी नही उठनी, तरी पोऱ्या ऱ्हायना नही."

"आते ते कसाले काढस?" आबा तुटकपणे म्हणाले. त्या पदर तोंडाला लावून घरात गेल्या.

पुना डॅशबोर्डखाली उताणा झोपला. चावीपर्यंत करंट येत होता. म्हणजे दोष चावी आणि कॉइलच्या मधेच. त्याने आपली लाल तार बोटाने चाचपत नेली. कुठे चीर नाही, कुठे दात लागल्याची खूण नाही. आबा खाली वाकून त्याच्या तोंडाकडेच बघत होते.

"सापडनं का?"

"आजून नही."

एका जागी तारेवर जाड काळी टेप लागली. अशी टेप पुना वापरत नसे. तिथून एक पिवळी तार फुटून ड्रायव्हरच्या सीटखाली गेली होती. त्याने सीट उचलली. खाली पत्र्याच्या आड एक लहानसं बटन होतं, आणि ते बंद होतं.

"हाई मनं काम नही, आबा! हाई ते चोरबटन!"

आबांनी नुसती मान हलवली. त्या दिवसांत जीपगाड्या चोरीला फार जात. धुळ्याचे वायरमन असं बटन लपवून बसवत आणि फक्त मालकाला दाखवत. घरच्यांनाही सांगू नका, असं बजावत. ते बंद केलं की चावी असूनही गाडी उठत नसे.

पुनाने बटन चालू केलं आणि चावी फिरवली. पहिल्याच फटक्याला जीप उठली. आवाज ऐकून वच्छलाबाई धावत ओट्यावर आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या.

त्याने गाडी बंद केली. ज्या घरात पोरगा गेला त्या घरात आपल्याला आनंद होतोय, याची त्याला लाज वाटली. पण तो होत होता.

"दुसरं काहीच नही?" आबांनी विचारलं. "एखादी तार? कुठे ढिली, तुटेल?"

"काहीच नही, आबा. बटन चालू ऱ्हातं ते गाडी त्या रोजबी उठती."

"नेम्मन देखं ना?"

"देवनी आन! कोनाच दोष नही, आबा. रातले मगननीच बंद करं व्हई, आन सकाय घाईमा ईसरी गया."

आबा मडगार्डला धरून हळूहळू खाली मातीत बसले. ओट्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"पुना भाऊ," ते म्हणाले, "ते बटन मगनले मी कधी दखाडंच नव्हतं."