कोपऱ्यापर्यंत

आमच्या दुकानात जोडलेली प्रत्येक सायकल आधी माझी लेक चालवून बघते. कोपऱ्यापर्यंत जायचं, ब्रेक दाबायचा, चेन वाजते का ऐकायचं आणि परत यायचं. "रोज नवी सायकल, मजा आहे बाई तुझी!" असं तिला सगळे म्हणतात. तिची स्वतःची कुठली, असं कुणी विचारलं की मी विषय बदलते.

या नाताळात मात्र मी एक निळी सायकल आधीच बाजूला काढली होती. गिऱ्हाइकांच्या झुंबडीतच ती तिच्या हातात दिली. "ही तुझी. जा, हवी तेवढी हुंदडून ये."

ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. सायकल स्टँडला लावून फडक्याने चाकं पुसायला बसली.

"ब्रेक छान लागतात, आई. चेनपण वाजत नाही."

"अगं वेडे, पुसतेस काय? तुझीच आहे ना ती!"

गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"मागच्या नाताळातली लालपण माझीच होती ना? मी पुसून ठेवली होती, म्हणून तर तुला ती त्या काकूंना नवी म्हणून देता आली."