चुलीची साक्ष

मिळकतीबद्दल लोक काहीही सांगतात, चूल मात्र खोटं बोलत नाही, असं माझं ठाम मत. म्हणून घराची तंगी मोजायला मी एकच प्रश्न ठेवला होता: या आठवड्यात मांस शिजलं का? अनंतपूरकडच्या या कोरडवाहू गावात गेल्या वर्षी एकाही घरात शिजलं नव्हतं. मग आमच्या संस्थेने शेळ्यांसाठी चारा सुरू केला. यंदा मी घरोघर गेले, जेवले, आणि प्रत्येक घराने ‘शिजलं’ म्हणून सांगितलं.

शेवटचं घर ओबुलम्माचं. तिने नाचणीच्या संगटीचा गोळा आणि झणझणीत रस्सा वाढला.

“अक्का, या आठवड्यात कोंबडी झाली?”

“ताटात काय आहे मग?”

“म्हणजे चाऱ्याने गाव सावरलं. आता तो दुसऱ्या गावाला देऊ.”

“कसलं सावरलं? भुईमूग यंदाही करपला. पाहुणी आली म्हणून कापली. जिथे जिथे जेवलीस, तिथे हेच झालं असणार.”

“गेल्या वर्षी तर कुणीच कापली नव्हती.”

“गेल्या वर्षी तू कार्तिकात आलीस. कार्तिकात आपल्यात कुणी मांसाला शिवतं का? इथलीच पोर ना तू?” तिने उरलेला रस्सा माझ्या ताटात ओतला. “यापुढे कार्तिकातच येत जा, पोरी. आमच्या शेळ्याही जगतील आणि कोंबड्याही.”